रेषेवरचा टेम्पो

घरी टीव्हीपुढे बसला की नाकेदार रोज संध्याकाळी शेजारच्या देशात फौज धाडायचा. त्या देशावर शत्रू चालून आला होता, आणि आपलं सरकार नुसती औषधं नि पांघरुणं पाठवतंय म्हणून नाकेदाराचा जीव तळमळायचा. "अरे, रणगाडे द्या! विमानं द्या!" असं ओरडून तो चहात बिस्किट बुडवायचा.

सरहद्दीच्या नाक्यावर मात्र त्याचा अवतार वेगळा. तिथे पांढऱ्या रेषेवर त्याचं राज्य. हुकूम साधा होता: मदतीचं सामान जाऊ द्या, पण आपल्या माणसाचं पाऊल पलीकडे पडता कामा नये. आधीच्या नाकेदाराची टोपी वाऱ्याने पलीकडे उडाली, तो चार पावलं जाऊन घेऊन आला, आणि टोपीसकट कायमचा घरी बसला. आपल्या गड्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. इतक्या वर्षांची चाकरी आता अशी मातीत घालवायची नव्हती त्याला.

त्या दुपारी पलीकडचा एक टेम्पो गावातून सामान भरून परत निघाला, नाक्यावर थांबला आणि ड्रायव्हरशेजारून उतरल्या कोण? सासूबाई! पलीकडच्या इस्पितळात डॉक्टर बॅटरीच्या उजेडात ऑपरेशनं करतात हे कळल्यापासून त्यांनी गल्लीतल्या बायकांना घेऊन वर्गणीसाठी महिनाभर दारं ठोठावली होती. त्यातून आलेला जनरेटर त्या स्वतः नाक्यापर्यंत पोचवायला आल्या होत्या. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत.

नाकेदाराने कागद तिसऱ्यांदा उलटले. "जनरेटर हे यंत्र आहे. यंत्र म्हटलं की विचार करावा लागतो."

"का? त्यातून गोळे सुटतात का, जावईबापू?" सासूबाई त्याच्याच खुर्चीत टेकत म्हणाल्या. "घरी तर तुम्ही अख्खी फौज पाठवता!"

"ते घरी," नाकेदार पुटपुटला आणि त्याने शिक्का मारला.

टेम्पो निघाला, खोकला, आणि नेमका रेषेवर बंद पडला. तोंड त्या देशात, शेपूट या देशात. ड्रायव्हरने किल्ली फिरवून फिरवून हात टेकले. "धक्का मारा साहेब! पुढे चढ आहे, माथ्यापलीकडे उतारावर चालू होईल."

नाकेदाराने हिशेब केला. मागची चाकं आपल्या हद्दीत, म्हणजे तिथवर ढकलणं नियमात बसतं. त्याने जोर लावला. चाकं रेषेपलीकडे गेली, बुटांची टोकं रेषेला टेकली आणि तिथेच चढ लागला. टेम्पो त्यालाच मागे रेटू लागला.

"हात काढू नका!" ड्रायव्हर ओरडला. "इंजिन बंद असलं की ब्रेक धरत नाही!"

पलीकडच्या चौकीतून एक पोरगेली पहारेकरीण धावत आली आणि टेम्पोला पाठ लावून उभी राहिली. चौकीत ती एकटीच उरली होती. बाकीचे तिघे लढाईवर गेले होते, त्यातल्या दोघांची आता वाट बघायची नव्हती.

"काका, माझ्या एकटीच्याने नाही हो होणार," ती म्हणाली.

नाकेदाराने खाली पाहिलं. त्याचा डावा बूट केव्हाच परदेशात गेला होता. त्याने उजवाही टाकला.

"कुठपर्यंत ढकलायचं, पोरी?"

"माथ्यापर्यंत."

दहा पावलं झाली, वीस झाली. तेवढ्यात मागे नाक्यावर फोन वाजू लागला. चार वाजले होते. रोज चारला मोठ्या साहेबांचा फोन यायचा आणि तो तिसऱ्या घंटेच्या आत उचलला नाही तर काही खरं नसायचं. नाकेदाराने मान वळवून नाक्याकडे पाहिलं. सात महिने! अवघे सात महिने! पण हात काढावा तर टेम्पो त्या पोरीच्या अंगावर येणार. तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता, आणि तरी ढकलत होता.

घंटा थांबली. उघड्या खिडकीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"हॅलो! नाही, ते जागेवर नाहीत. ते तिकडे गेलेत... तिकडे म्हणजे पलीकडे! चांगली तीस पावलं आत आहेत... मी? मी त्यांची सासू."

नाकेदाराने डोळे मिटले.

"अहो, ओरडताय काय? आवाजात एवढा जोर आहे ना, मग या इकडे आणि हात लावा. माझा जावई एकटा किती ढकलेल?"

नाकेदाराला हसू फुटलं, डोळेही भरून आले. त्याने नाक बाहीला पुसलं आणि टेम्पोला खांदा लावला. माथा अजून दहा पावलांवर होता.