मामांच्या हयातीचा फोटो

पेन्शन कचेरीने मामांचा फोटो तिसऱ्यांदा परत केला. पहिला फ्लॅश न वापरता काढलेला, त्यावर शेरा पडला, "अर्धा अर्जदार अंधारात आहे." पुढचे दोन फ्लॅश लावून काढले, तर, "डोळे मिटलेले आहेत. सबब अर्जदार हयात असल्याची खात्री पटत नाही." अर्जदार त्या वेळी शेरा लिहिणाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहून खोकत होते, पण खोकला कागदाला जोडता येत नाही. आज पाचच्या आत चांगला फोटो पोचला नाही, तर मामा दप्तरी मयत होणार होते. आणि मयत माणसाला पुन्हा जिवंत करायला किती सह्या लागतात, हे त्या कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

फोटो काढणारा होता मामांचा जावई. सासरा आजारपणाने गेला तर लोक जावयाचं सांत्वन करतात. जावयाच्या फोटोपायी गेला तर काय करतात, या विचाराने त्याला घाम फुटला होता.

"मामा, फक्त डोळे उघडे ठेवा हो."

"उघडेच असतात! तुमचं यंत्र मिटवतं."

"यंत्राला कशाला नावं ठेवता?" कंगवा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसारात डोळे उघडले नाहीत, ते आज उघडणार होय!"

दोष फ्लॅशचाच असणार, तो उशिरा पेटत असणार, असं जावयाने ठरवलं. त्याने सेल बदलले. फ्लॅशच्या पायाचे पितळी ठिपके खोडरबराने घासून लख्ख केले. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत फ्लॅश पुन्हा नीट सरकवून चकती आवळली. बंद करून चालू केला. फ्लॅश झकास पेटला. त्याने अकरा फोटो काढले. उजेड उत्तम, कॉलर उत्तम, आणि अकराही फोटोंत मामा समाधिस्थ.

घड्याळात साडेतीन वाजले.

"दोनदा चमकतं ते," मामा म्हणाले. "आधी बारीक ठिणगी, मग मोठा उजेड."

"एकदाच चमकतं, मामा."

"जावईबापू, मी जन्मभर वेल्डिंग केलंय. ठिणगी दिसली की पापणी पडलीच पाहिजे. ज्यांची पडली नाही, ते आज काठीने रस्ता चाचपतात."

जावयाने खालच्या खणातून फ्लॅशचं माहितीपुस्तक काढलं. आठ वर्षांत ते पहिल्यांदाच पिशवीबाहेर आलं होतं. नवव्या पानावर स्वच्छ छापलं होतं : फ्लॅश 'ऑटो'वर असला की आधी एक बारीक चमक टाकून उजेडाचा अंदाज घेतो, मग खरा पेटतो, हे अंतर सामान्य माणसाला जाणवत नाही. मामा सामान्य नव्हते, एवढंच छापायचं राहिलं होतं.

"मामा, तुमचं खरं आहे," जावई पडेल आवाजात म्हणाला.

"हे लिहून घ्या कोणीतरी," सासूबाई म्हणाल्या.

त्याने फ्लॅश 'मॅन्युअल'वर टाकला. आता अंदाज घेणं जावयाचं काम, फ्लॅशने एकदाच पेटायचं. पहिल्या फोटोत डोळे उघडे आले, पण भिंत कुठे संपते नि मामा कुठे सुरू होतात ते कळेना. त्याने जोर पाव केला. तरी जास्त. अष्टमांश केला. मामा आले! कान, मिशी, आणि दोन डोळे, टक्क उघडे.

"अगं बाई, केवढे रागाने बघताय!"

"असू दे, सासूबाई. राग जिवंत माणसालाच येतो."

आठ प्रती छापून घेऊन पाचला बारा मिनिटं असताना दोघे कचेरीत पोचले. कारकुनाने फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. समोर उभ्या मामांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मग शिक्का उचलून दण्णकन मारला.

"आहेत," तो म्हणाला.

जावयाचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. मामा शेजारी टेकले. पाकिटातले उरलेले फोटो काढून त्यांनी ते पत्त्यांसारखे पसरले आणि कितीतरी वेळ कौतुकाने बघत बसले.

"हे सात उरले. यांचं काय करायचं?"

"ठेवा की, मामा. दर वर्षी एक. सात वर्षांची निश्चिंती."

मामांनी फोटो पाकिटात घातले आणि पाकीट खिशात.

"सातच?" ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "चला उठा. अजून वीस छापून द्या."