उजव्या बुटाचं टोक

माझा थोरला भाऊ घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचतो आणि मी बूट दुरुस्त करतो. त्याने झिजवायचे, मी शिवायचे, अशी आमची वाटणी. माणूस तोंडाने काहीही सांगो, बुटाचा तळ खोटं बोलत नाही. कोण टाच घासतो, कोणाचा गुडघा गेलाय, बूट हातात घेतला की मला कळतं. निदान गिऱ्हाइकांना मी तसं ऐकवतो.

गेल्या वर्षी दादाच्या बुटाचं टोक झिजलं. फक्त उजव्या.

"पाय उचलून चाल की जरा. म्हातारा झालास?"

"तू आपलं काम कर," तो म्हणाला.

मी केलं. टोकाला रबर लावलं. चार महिन्यांत ते गेलं, मग जाड लावलं. तिसऱ्यांदा टोक असं वर वळवून दिलं की पाय घासला तरी अडखळू नये. दादा रस्त्यात दोनदा पडला होता, तो पडायचा थांबला. मी दुकानात येईल त्याला त्या टोकाचं वर्णन करून सांगत होतो. आपल्याच हाताने आपली पाठ थोपटायला मला कोणाची गरज लागत नाही.

गेल्या दोन महिन्यांत घरात वहिनीची कुरकुर सुरू झाली. "पायातली चप्पल गळून पडते आणि यांना पत्ता नाही. एकाच चपलेने घरभर फिरतात." दादाला कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ यायची. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकलीय म्हणून कमरेला पट्टा दिला. सहा वर्षांपूर्वी दादाच्या प्रोस्टेटचा कॅन्सर काढला होता. त्यानंतरच्या तपासण्या चांगल्या आल्या, म्हणून ते प्रकरण आम्ही मिटलं असं धरलं होतं. पायाचा त्याच्याशी संबंध लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग दादाला जिना चढता येईना. एमआरआय झाला, सुई घालून तुकडा तपासला, आणि काल आम्ही तिघं कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो.

"तोच आजार आहे," त्या म्हणाल्या. "प्रोस्टेटजवळच्या बारीक नसांच्या कडेकडेने वर सरकला. ओटीपोटाच्या मागे मोठ्या नसांचं जुडगं असतं, तिथे पोचला आणि आता पायाच्या नसेत उतरलाय. म्हणून पाऊल उचलत नाही, तळव्याला स्पर्श कळत नाही."

मला लगेच समजलं. चांगल्या बुटात पाणी चामड्यातून येत नाही, शिवणीच्या दोऱ्याने आत येतं. मी मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काहीच हललं नाही.

"पाय कधीपासून घासतोय, नीट आठवून सांगा," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिनेच झाले असतील तर किरणांचा शेक आणि औषधांनी थोडी ताकद परत येण्याची आशा धरता येईल. वर्ष होत आलं असेल तर गेलेलं बहुतेक येणार नाही. आहे तेवढं टिकवायचं."

"दोन महिने," दादा म्हणाला.

वहिनीनेही मान डोलावली. तिला खरंच तेवढंच माहीत होतं. बाईंनी लिहायला पेन उचललं. मी गप्प बसलो असतो तर दादा काल आशा घेऊन घरी गेला असता.

"अकरा महिने," मी म्हणालो. "टोक मीच तीनदा बदललं."

बाईंनी अकरा लिहिलं. दादा खाली आपल्या पायाकडे बघत राहिला.

"भावजी," वहिनी म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

मी उत्तर शोधलं. एकच होतं, आणि ते खरं होतं.

"बूट नीट होत होता, वहिनी."