तिसऱ्या पाळीचा पंचा

हलवून उठवायला पुढे केलेला हात शेवंतीने तसाच मागे घेतला. तेजस्वी झोपली होती. भिंतीला टेकून, हातात फोन धरूनच, पण खरोखर झोपली होती. लहानपणी असायचं तसं तोंड जरासं उघडं.

लॉकडाऊन लागल्यापासून पोरीची झोप उडाली होती. आधी नुसती जागरणं, मग छातीत धडधड, मग एकदा भरल्या ताटावर म्हणाली, "आई, मला जगावंसंच वाटत नाही गं." त्याच दिवशी शेवंतीने मनाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गोळ्या सुरू झाल्या. झोप लागेल तेव्हा झोपू द्या, उठवू नका, असं बाईंनी बजावलं होतं. आणि मेली झोप आली ती नेमकी भर दुपारी, कॉलेजचा ऑनलाइन तास सुरू होताना! कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर. हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

बाहेर गॅलरीत पोरांच्या क्रिकेटचा दंगा चालला होता. शेजारच्या सोनूबाई दारातून डोकावल्या.

"काय गो शेवंती, चेडू परत निजलां? दिसाढवळ्या? लोक नावां ठेवतत."

"ठेवू देत. आजारी आहे ती."

"कसलो आजार? ताप नाय, खोकलो नाय."

आजवर शेवंतीने 'अंगात कणकण आहे' म्हणून वेळ मारून नेली होती. आज तिला त्या खोटेपणाचीच चीड आली.

"मनाचा आजार, मावशी. गोळ्या चालू आहेत. सांगा कोणाला सांगायचं ते."

सोनूबाईंनी मास्क नाकावर ओढला. आता तो कशाला, देव जाणे.

शेवंतीने ट्रंक उघडली. तळाशी तिच्या बाबांचा पंचा होता. बाबा गिरणीत तिसरी पाळी करून सकाळी घरी आले, की आई तो दाराच्या कडीला अडकवायची. कडीला पंचा म्हणजे आत रातपाळीचा माणूस झोपलाय. मग मजल्यावर कोणी मसालासुद्धा कुटायचं नाही. गिरणी बंद पडली आणि पंचा ट्रंकेत गेला.

तिने तो बाहेरून कडीला अडकवला, सोनूबाईंच्या डोळ्यांदेखत, आणि दार लोटून घेतलं.

बाहेरून सोनूबाईंचा दबका, पण जरबेचा आवाज आला.

"ए, बॅट ठेव खाली! पंचो दिसणा नाय? रातपाळीचो माणूस निजलो हा!"

दंगा थांबला. शेवंतीने डोळे पुसले.

तेवढ्यात फोनमधून सरांचा आवाज आला, "तेजस्वी पालव? कॅमेरा ऑन करा, नाहीतर गैरहजर लावतो."

शेवंतीने लेकीच्या हातातून फोन अलगद सोडवला, मोरीपाशी नेला, चाचपडत कॅमेरा लावला. पडद्यावर तिचाच घामेजलेला चेहरा आला.

"मी तिची आई. ती हजर आहे, सर. झोपलीय."

"अहो, तास चालू आहे. उठवा तिला."

"नाही उठवणार. गैरहजर लावायचं तर लावा, कॉलेजात येऊन भांडेन मी. पुढचं नाव घ्या."

तिने मागे वळून लेकीकडे पाहिलं.

"आणि सर, जरा हळू घ्या."