अकरावी खोली

शेवटचा शॉट झाला तेव्हा अकराव्या खोलीत हेमांगीचे वडील येऊन बसले होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

जाहिरात पंख्याची. एकाच पंख्याचा वारा अकरा खोल्यांमधून जातो, एवढीच गोष्ट. स्टुडिओ काही तेवढा लांब नव्हता, म्हणून हेमांगीने प्रत्येक खोली आधीच्या खोलीपेक्षा लहान बांधून घेतली होती. अकराव्या खोलीचं दार जेमतेम वीतभर. त्यात काडेपेटीएवढ्या खुर्चीवर बाबा पाठमोरे बसले होते. वाऱ्याने त्यांचे विरळ केस हलत होते.

"ताई, हे आपल्या यादीत नाहीत," पांचाळमिस्त्री म्हणाले.

"माझे वडील आहेत."

"बरं. पण पाचला सेट पाडायचाय. उद्या साबणवाले येतायत."

साडेचार वाजले होते.

बाबा गेले त्या सकाळी हेमांगी अशाच एका सेटवर भिंतीच्या निळ्या रंगावरून हुज्जत घालत होती. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचं तोंड पाहायचं राहिलं ते राहिलंच. पुढे तो चेहराही आठवेनासा झाला. फोटोतला माणूस कुणी भलताच वाटे. याची तिला फार लाज वाटायची.

ती पहिल्या दारातून आत शिरली. तिला कुठेच वाकावं लागलं नाही; प्रत्येक दार तिच्या मापाचंच निघालं. सातव्या खोलीतून तिने मागे पाहिलं, तर मिस्त्रींची चप्पल बैलगाडीएवढी दिसली.

"हेमे, जेवलीस का?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"नाही अजून."

"मग ये, अशी समोर बस."

ती वळसा घालून समोर गेली. समोरून बाबा कोरं प्लायवूड होते. चार पट्ट्या, आठ खिळे, आणि वर पेन्सिलने लिहिलेलं: 'कॅमेऱ्यात येत नाही. करू नये.' अक्षर तिचंच होतं. वीस वर्षं ती प्रत्येक सेटच्या मागच्या बाजूला हेच लिहीत आली होती.

लांबवर पहिली खोली पडली.

हेमांगीने कानावरची पेन्सिल काढली. भुवयांपासून सुरुवात करावी की हनुवटीपासून, ते तिला सुचेना.

"सावकाश," प्लायवूड म्हणालं. "मला कुठे जायचंय?"

तिने पेन्सिलीचं टोक फळीला टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली. पाचवी खोली पडली.