अर्धे पान कोरे

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे, आणि खरे सांगायचे तर आता मला बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही संगणकाच्या काळातली मुले. मी कोण ते तुम्हाला कळायचे नाही, म्हणून सांगते. मेणकागदावर टाइपरायटरने अक्षरे उठवायची, तो कागद माझ्या रुळावर चढवायचा, शाई भरायची आणि दांडा फिरवायचा. एका फेरीला एक प्रत. माझे सगळे आयुष्य असे गोल गोल फिरण्यात गेले.

तरुणपणी मी एका सरकारी कचेरीत होते. सकाळी चारशे परिपत्रके छापून दुपारी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचे. साहेब लोक माझे कौतुक करत. १९९८ साली तिथे संगणक आला आणि मला टेम्पोत घालून विजयदुर्गच्या वाटेवरच्या एका मच्छीमार गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत आणून टाकले. खाऱ्या हवेने माझे रबर कडक झाले आणि शाई गळू लागली. निवृत्त कारकून नाना तेवढे रोज येत. घरी त्यांचे मन रमत नसे. ते शिवणयंत्राचे तेल घालून मला फिरते ठेवायचे.

त्या गावात ग्रामसभा सकाळी दहाला भरे. नेमक्या त्याच वेळी होड्या किनाऱ्याला लागत आणि बायका मासळी विकायला बसत. अशाच एका सभेत, बायका नसताना, त्यांच्या मासळी वाळवायच्या जागेतली अर्धी जागा पर्यटकांच्या गाड्यांसाठी देऊन झाली. मासळी विकणाऱ्या मथुरेला हे कळले ते वाळूत खांब पुरले जात असताना. ती डोक्यावरच्या पाटीसकट खोलीच्या दारात आली.

"आमची जागा दिलास, आणि आमका एक शब्द इचारूक नाय?"

"काकी, नोटीस लावली होती," ग्रामसेवक गुरुप्रसाद म्हणाला. "तुम्ही आला नाहीत."

"धा वाजता मी हय इलंय तर मासळी काय तू इकतलंस?"

गुरुप्रसाद वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त वहीतली नोटिशीची तारीख पुढे केली.

पुढच्या वर्षी वरून, सरकारकडून, एक मसुदा आला. ग्रामसभा कशी घ्यावी, लोकांना कसे सहभागी करून घ्यावे, याचे नियम ठरायचे होते, आणि ते म्हणे लोकांनीच सुधारून द्यायचे होते. पानाच्या उजव्या अर्ध्या भागात मसुदा, डावा अर्धा भाग लोकांच्या सूचनांसाठी कोरा. मी साठ प्रती छापल्या आणि नानांनी त्या घरोघर पोचवल्या. सभेची वेळ बदलून घ्यायची ही एकच संधी होती. ती हुकली असती, तर उरलेली अर्धी जागाही अशीच गेली असती.

महिन्याने प्रती परत आल्या. एकोणसाठ कोऱ्या! घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"नाना, तुमचो कागद मी म्हयनोभर देवाच्या फळयेर ठेवलंय," मथुरा अभिमानाने म्हणाली. "एक डाग पडाक दिलंय नाय."

"अगो, तेच्यार लिवचा होता!"

"सरकारी कागदार? माका काय खूळ लागला?"

सगळ्यांनी हेच केले होते. इतक्या सुंदर कागदावर आपण काय खरडायचे! गुरुप्रसादने सुस्कारा सोडला आणि वर पाठवायच्या तक्त्यात 'सूचना निरंक' असे लिहायला पेन उघडले. मला इतके थकल्यासारखे वाटले की काय सांगू. साठ फेऱ्या मारल्या होत्या मी.

तेवढ्यात होडीवाला बाबली साठावी प्रत घेऊन आला. तिच्यावर माझ्या गळक्या शाईचा तळहाताएवढा डाग होता आणि डागाखाली चार ओळी लिहिलेल्या होत्या. "एवढो घाण झालेलो कागद परत काय करूचो?" तो म्हणाला. "म्हणान लिवलंय. सभेची दवंडी आदल्या दिशी फिरवा."

नाना आधी माझ्याकडे बघत राहिले, मग एकटेच खो खो हसले. त्यांनी गुरुप्रसादकडून पंधरा दिवस मागून घेतले, माझ्यात शाई जास्तच भरली आणि पुन्हा साठ प्रती काढल्या. एकही धड नव्हती. तारुण्यात अशी एक प्रत निघाली असती तर मी लाजेने मेले असते. पण त्या डागाळलेल्या कागदांचा कोणाला धाक वाटला नाही. चव्वेचाळीस प्रती लिहून आल्या. मथुरेने मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिले होते, 'होड्यो येतत त्या येळार सभा घेव नकात.'

मग सुरू झाली ये-जा. वरून दुसरा मसुदा आला, तिसरा आला, सातवा आला. दर वेळी मी छापायचे, लोक लिहायचे, नाना सगळे एकत्र करून पाठवायचे. एका मसुद्यात मथुरेचे वाक्य गळाले, तर गावाने पुढच्या खेपेला ते पुन्हा घातले. अशी पाच वर्षे गेली. माझा दांडा झिजला, नानांचा खांदा धरला. शेवटी २००६ साली नियमांची गुळगुळीत रंगीत पुस्तिका आली. ती अर्थातच दुसऱ्या कोणी छापली होती. त्यात एक ओळ होती, 'मासळी उतरण्याच्या वेळी सभा घेऊ नये.' मी ती ओळ किती वेळा छापली होती, ते माझे मलाच आठवत नव्हते.

त्यानंतरची पहिली सभा संध्याकाळी साडेचारला भरली. विषय होता वाळवणाची उरलेली जागाही गाड्यांना देण्याचा. पस्तीस बायका आल्या. खोली पुरुषांनी भरलेली होती, आणि कोपऱ्यातली जागा मी अडवली होती.

"बायकांनी व्हरांड्यातून ऐकले तरी चालेल," गुरुप्रसाद म्हणाला.

"उभ्यान आयकूचा तर आमी इलो कित्याक?" मथुरेने आत पाहिले. "ता काळा धूड हलवा हयसून. खुर्च्यो पण भायर काढा."

नाना कळवळले. "मथुरा, तुजा वाक्य तेनाच छापला गो."

मथुरा माझ्याजवळ आली. तिने माझ्या दांड्यावर ओला हात ठेवला. "माका ठावक आसा, नाना. पण आमका बसाक जागा व्हयी."

चौघांनी मला उचलून व्हरांड्यात ठेवले, खुर्च्या माझ्या मागून आल्या, आणि बायका आत जाऊन जमिनीवर बसल्या. मला आतले दिसत नव्हते, फक्त आवाज येत होते. बराच वेळ भांडण झाले. मग हात वर करायला सांगितले, कोणीतरी मोजले, आणि गुरुप्रसादने वाचून दाखवले की उरलेली जागा वाळवणासाठीच राहील. गेलेली अर्धी मात्र परत मिळाली नाही.

मी अजून व्हरांड्यातच आहे. गंजले आहे. मला पुसा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या गावात सभा भरेल तेव्हा एवढेच बघा, की दाराबाहेर कोण उभे आहे. त्यांची जागा माझ्यासारख्या एखाद्या जुन्या यंत्राने अडवली असेल, तर त्याने किती काम केले आहे हे आठवून थांबू नका. त्याला वाईट वाटते, मित्रांनो, मला वाटले. तरीही हलवा.