कमलवल्लीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. रंगमंचावर गायकाच्या हातात मिरवण्याचं भाग्य मला लाभलं नाही. माझं काम चाहूल टिपण्याचं. पावलांची सरसर, पाण्याची बुडबुड, दाराची करकर, जे कानी पडेल ते घ्यायचं आणि तारेतून रेकॉर्डरकडे धाडून द्यायचं. लक्षात ठेवण्याचं काम त्याचं, ऐकण्याचं माझं.

माझा जन्म एका अतिशय शांत खोलीत झाला. माईकची पारख शांततेतच होते ना! तिथे मला टाचणी पडल्याचा आवाज ऐकवला गेला आणि तेव्हापासून मला एक खोड जडली. कुठे खुट्ट झालं की वाटतं, हे काय वाजलं असेल?

तिथून मी चेन्नईला, अण्णा नगरमधल्या एका कचेरीत आलो. मोबाइलवर खेळायचे खेळ तिथे बनत. माझी मालकीण होती ऊर्मी. तिचे वडील अंबरनाथहून बदली होऊन इथल्या संरक्षण कारखान्यात आले, तेव्हा ती शाळेत होती. समुद्राचा वारा माझ्यात घोंगावू नये म्हणून तिने मला राखाडी, केसाळ टोपी घातली. तेव्हापासून कचेरीत सगळे मला 'पूनै' म्हणू लागले. तमिळमध्ये पूनै म्हणजे मांजर.

ऊर्मीसोबतचे ते दिवस किती मजेचे होते! ओल्या वाळूचं पोतं जमिनीवर आपटलं की खेळात हत्तीचं पाऊल पडायचं. सुकी नारळाची झावळी हलवली की रान सळसळायचं. मी थक्क होऊन ऐकत राहायचो.

अशाच आवाजांतून 'गजदौड' हा खेळ तयार झाला. त्यात हत्तींची शर्यत होती. हत्ती मंदावला की अंकुशाचं बटण दाबायचं. हत्ती किंकाळी फोडायचा, वेगाने धावायचा आणि खेळणाऱ्याला गुण मिळायचे. हां हां म्हणता तो खेळ घरोघरी पोचला. बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांच्या हातांत, सगळीकडे ती किंकाळी ऐकू येऊ लागली. कचेरीचा प्रमुख कौशिक याने सगळ्यांना पेढे वाटले आणि माझ्या टोपीवरून हात फिरवत म्हणाला, "शाब्बास, पूनै!"

मग एके सकाळी खाली रस्त्यावर घोषणा ऐकू आल्या. फाटकाशी पाचपन्नास माणसं फलक घेऊन उभी होती. प्राण्यांवरचा मार खेळातसुद्धा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय कुणीतरी अफवा पसरवली होती, की या किंकाळीसाठी खऱ्या हत्तीला मारलं.

कौशिक वैतागला. "चित्रातला हत्ती आहे तो! त्याला काय दुखतंय? दार लावून घ्या."

"पण आपण मारलं नाही, हे सांगायला काय हरकत आहे?" असं म्हणून ऊर्मीने मला आणि पाण्याच्या जाड पाइपाचा एक तुकडा उचलला आणि ती थेट फाटकाशी गेली. मला समोर धरून तिने पाइपात तोंड घातलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली. मला जोडलेल्या छोट्या स्पीकरमधून तीच किंकाळी बाहेर पडली.

"हत्ती नाही हो, मीच ओरडले होते," ती धापा टाकत म्हणाली.

"अय्यो, अक्का!" गर्दीतली एक विद्यार्थिनी हसली. मागोमाग बरेच जण हसले.

पुढे उभ्या असलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या श्रीरंजनी, तांबरमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची होती.

"बरें झालें, कुणा हत्तीस मार बसला नाहीं," त्या म्हणाल्या. "चित्रातल्या हत्तीस दुखत नाहीं, हेंही कबूल. पण बटण दाबणारं बोट तर खरं आहे ना? मारलं की बक्षीस, ही सवय त्या बोटास लागते."

ऊर्मीने हातातल्या पाइपाकडे पाहिलं.

"खरा हत्ती मार खातो तेव्हां काय करतो, तें तुम्ही ऐकिलें आहे?"

"नाही," ऊर्मी म्हणाली.

"मग चला माझ्यासंगती. ही तुमची मांजरही आणा."

मला तर काय, आनंदच झाला! इतके दिवस मी वाळूच्या पोत्याला हत्ती समजत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. श्रीपेरुंबुदूरचे मोठमोठे कारखाने मागे पडले आणि पलीकडे झाडी लागली. तिथे म्हाताऱ्या हत्तींचा सांभाळ होत असे. आम्हाला भेटायची होती ती कमलवल्ली. आयुष्यभर तिला डांबरी रस्त्यांवर फिरवून तिच्याकडून लोकांना आशीर्वाद देववले होते. तळपाय भेगाळलेले, कानामागे अंकुशाचे जुने व्रण. तिचा माहूत वेलायुधम तिला भाताचे गोळे भरवत होता.

ऊर्मीने मला उंच धरलं. आणि माझ्या आतली पातळ चकती थरथरू लागली!

"अक्का, रेकॉर्डरवरची रेघ हलतेय, पण मला तर काहीच ऐकू येत नाही," ऊर्मी गोंधळून म्हणाली.

"ती बोलते आहे," श्रीरंजनी म्हणाल्या. "माणसाच्या कानास पोचत नाहीं इतक्या खालच्या सुरांत. वेग वाढवून ऐका."

ऊर्मीने तेच ध्वनिमुद्रण भरभर वाजवलं. हेडफोनमध्ये एक घुमणारा, मऊ हुंकार उमटला. मग जरा थांबून दूरच्या शेडमधून दुसरा हुंकार आला.

"कुणीतरी उत्तर देतंय!" ऊर्मीचे डोळे विस्फारले. "काय बोलत असतील त्या?"

"तें मलाही ठाऊक नाहीं," श्रीरंजनी हसून म्हणाल्या.

इतक्यात झाडात अडकलेली एक फांदी पाडायला वेलायुधमने बांबू उचलला. त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. पण कमलवल्लीने तो वर गेलेला बांबू पाहिला आणि तिचा हुंकार तुटला. चावणं थांबलं. कान अंगाशी चिकटले. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली. रेकॉर्डरवरची रेघ सपाट झाली. मित्रांनो, मी शांत खोलीत जन्मलो. शांतता मला नवी नाही. पण एवढा मोठा जीव समोर असताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

वेलायुधमने बांबू टाकून दिला आणि तिच्या गालाला हात लावला. "पावम," तो पुटपुटला. बिचारी.

"ती ओरडली का नाही?" ऊर्मीने हळूच विचारलं.

"पूर्वी ओरडली की आणखी मार बसे," श्रीरंजनी म्हणाल्या. "तेव्हांपासून अशी गप्प उभी राहते."

परतीच्या वाटेवर ऊर्मीने तो हुंकार पुन्हा पुन्हा ऐकला. कचेरीत येऊन तिने खेळातली स्वतःची किंकाळी पुसून टाकली.

कौशिक उखडला. "पोंगलच्या सुट्टीत लोक हाच खेळ खेळणार, आणि तू आवाजच काढून टाकतेस?"

"अरे, एकदा खेळून तर बघ. मग वाटलं तर मला कामावरून काढ."

त्याने हेडफोन घातला. ढोल, गर्दी, पावलं, सगळं दणक्यात सुरू होतं. हत्ती मंदावला. कौशिकने अंकुश दाबला. त्याक्षणी सगळं थांबलं. ढोल नाही, गर्दी नाही, हत्ती जागच्या जागी. त्याने पुन्हा बटण दाबलं. हेडफोनची तार तपासली.

"आता काय करू?"

"काही करू नकोस. थांब."

तो थांबला. बऱ्याच वेळाने तो खोल हुंकार आला, कानाला कळेल एवढा उंचावलेला, आणि हत्तीने आपणहून पाऊल टाकलं. कौशिकने हेडफोन काढला, पण फोन खाली ठेवला नाही. "हा खरा आवाज आहे?" त्याने विचारलं.

पोंगलला खेळ नव्या रूपात आला. अंकुशाचं बटण गेलं. हुंकार ऐकून हत्तीचं मन ओळखायचं, असा नियम आला. पुष्कळ लोक चिडले. 'कंटाळवाणा' म्हणून कितीतरी जण खेळ सोडून गेले. कौशिकला झोप लागेना. त्यात श्रीरंजनी येऊन म्हणाल्या, "अर्धं काम झालें. शर्यत अजून आहेच."

कौशिकने हात जोडले. "मॅडम, तुमचं समाधान होणार तरी कधी?"

"हत्तिणीस विचारून सांगतें," त्या म्हणाल्या. यावर कौशिकलाही हसू आलं.

त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता तो फाटकाशी न होता टेबलाशी होतो, कॉफी पितापिता.

माझं मात्र काम संपलं, आणि तेही मोठ्या थाटात! आम्ही पुन्हा कमलवल्लीला भेटायला गेलो. या वेळी तिलाच माझं कुतूहल वाटलं. तिने सोंड पुढे केली, माझी केसाळ टोपी चाचपली, हुंगली आणि फुर्रकन असा काही श्वास सोडला, की माझी चकती ओल्या धुळीने भरून गेली. ऊर्मी हसूनहसून खाली बसली. मला पुसलं, सुकवलं, पण मी पूर्वीसारखा ऐकू शकलो नाही. माझ्या जागी नवा माईक आला. मी बरेच दिवस एका खणात पडून होतो. बाहेर काय वाजतंय या विचाराने तिथे जीव नुसता कासावीस व्हायचा. शेवटी श्रीरंजनींनी मला मागून नेलं. आता मी तांबरमला, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फळीवर असतो. मुलं मला हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात. मला आवडतं ते.

मित्रांनो, खेळा, भरपूर खेळा. पण खेळता खेळता कान उघडे ठेवा. फोनवर असो की रस्त्यावर, ओरडणाऱ्याचं दुःख सगळ्यांना कळतं. जो जीव एकाएकी गप्प होतो, त्याच्याजवळ जरा थांबा. बटणावरचं बोट उचला, हातातली काठी खाली ठेवा आणि तो पुन्हा बोलू लागेपर्यंत वाट पाहा.