जाडं बघून आणलेलं पुस्तक

"मगे? काढल्यान काय तलवार?"

"भाऊ, मान हलवू नका," सुगंधा म्हणाली. "हललात तर पुस्तक मिटीन मी."

काशीराम भाऊ जागच्या जागी गप्प झाले. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि तोंडात आरेच्या बाटलीतल्या दुधाची चव. घाटकोपरच्या त्या धर्मादाय इस्पितळात मोतीबिंदूच्या माणसाला आठ दिवस असंच उताणं ठेवत. खोकायचं नाही, हसायचं नाही, उठायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. टाका तुटला की डोळा गेला, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

भाऊंना ते सांगायची गरज नव्हती. त्यांचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी असाच गेला होता. ऑपरेशन झकास झालं होतं, पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा माणूस अभंगाचं कडवं चुकवायला लागला. भाऊ त्याला सुधारायला ताडकन उठून बसले आणि व्हायचं ते झालं. तीस वर्षं गिरणीत माग चालवलेला माणूस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आता हा डावा डोळा एवढाच उरला होता.

म्हणून या वेळी त्यांनी मुलाला, लवूला, आधीच बजावलं होतं, "माका पोथी आणून दी. आठ दीस नुसतो पडान कसो रवतलंय?"

लवू वाचनालयात गेला. श्रावण चालू होता, पोथ्या सगळ्या वाचायला गेलेल्या. त्याने कपाटातली दोन-चार पुस्तकं हातात घेऊन वजन पाहिलं आणि त्यातलं एक घेऊन आला. सुगंधाने विचारलं, "काय आहे यात?"

"मला काय ठाऊक! जाडं बघून आणलंय. आठ दिवस पुरेल ना?"

ती निघाली कादंबरी. नऊशे पानांची, तिकडे इटलीत तीनशे वर्षांपूर्वी घडलेली, कुणीतरी मराठीत आणलेली. लवूची कामावर सकाळची पहिली पाळी, तेव्हा वाचायचं काम आलं सुनेवर. सुगंधा हर्णैची, सातवी पास. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासऱ्याशी समोरासमोर तिची दहा वाक्यंसुद्धा झाली नव्हती. कपाळापर्यंत पदर, दाराआडून उत्तर. घरात तिसरं कुणी नसलं तर भाऊ जेवण मागायचे तेही भिंतीकडे बघून. आता भाऊंच्या डोळ्यांवर पट्टी होती. ते बघत नाहीत म्हणजे आपण समोर नाहीच, अशी मनाची समजूत घालून ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि तिने पहिलं पान उघडलं.

भाऊंच्या लेखी मात्र ती पोथीच होती. वाचन सुरू होताना ते पडल्यापडल्या हात जोडत. अध्याय अर्धा टाकू देत नसत. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, ही रीत त्यांनी एका वाक्यालाही चुकवली नाही. मातेओ नावाचा पोरका मुलगा नेपल्स शहरात तलवार शिकतो, "हूं." त्याला शिकवणारा म्हातारा बार्तोलो दिवसभर शिव्या घालतो आणि पोरगा झोपला की त्याचे फाटलेले बूट शिवून ठेवतो, "हूं, हूं." हा म्हातारा भाऊंना एकदम आपला वाटला. ते कधी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत, बार्तोलोही करत नव्हता.

काय नव्हतं त्या पुस्तकात! दुसऱ्याच्या केसांचा कमरेपर्यंतचा टोप डोक्यावर चढवून बसणारे सरदार होते, तोफांनी भरलेली जहाजं होती, हजार मेणबत्त्यांचे महाल होते. तिसऱ्या दिवशी मातेओ रोमच्या एका देवळात शिरला. त्याने वर पाहिलं आणि तो खांब धरून उभा राहिला. देवळाला छप्परच नव्हतं. वर ढग होते, ढगांमधून माणसं तरंगत वर वर चालली होती, आणि पार टोकाला उजेड होता. बऱ्याच वेळाने त्याला कळलं की छप्पर जागेवरच आहे, त्यावर आभाळ रंगवलेलं आहे.

हुंकार आला नाही. सुगंधा घाबरली.

"भाऊ?"

"परत वाच."

तिने परत वाचलं. तिच्याही अंगावर काटा आला होता.

"रंगान केल्लो? कोणा माणसान?"

"माणसानंच."

भाऊ पट्टीआडून इस्पितळाच्या छताकडे तोंड करून होते. "आणि माका वाटा होता, मी मांजरपाट विणलंय म्हणजे मोठा काम केलंय," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "साल काय ता?"

"सोळाशे चौसष्ट."

"म्हणजे तेव्हा आपले महाराज गडावर. हय ते, थय हो." एवढं मोठं जग एका वेळी चाललेलं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याचं त्यांना भारी नवल वाटलं. त्या दिवशी त्यांनी दुधाचा दुसरा पेला नाकारला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी भाऊंचा डोळा लागला आणि सुगंधाला राहवलं नाही. सकाळचा अध्याय बार्तोलो पुलाकडे निघाला तिथे संपला होता; तिने पुढची पानं मनातल्या मनात वाचायला घेतली. सरदाराचे लोक मातेओच्या मागे लागले होते. पोरगा निसटावा म्हणून बार्तोलो एकटा पुलावर उभा राहिला. चार पानं तो उभा होता. पाचव्या पानावर तो पडला. शेवटी त्याच्या तोंडात मातेओचं नावही नव्हतं, "बूट भिजवू नकोस," एवढंच होतं. सुगंधाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून ती मुकाट रडली.

तिने डोळे पुसले तोच मागून आवाज आला. "वाच गो. आमचो म्हातारो पुलावर पोचलो मां?"

हे वाचलं तर भाऊ रडणार, नक्की रडणार, आणि मग त्या डोळ्यात काही राहणार नव्हतं. न वाचावं तर पोथीतला शब्द बदलल्याचं पाप; आणि कडवं चुकवलं म्हणून ज्याने एक डोळा घालवला तो माणूस आपल्याला काय करील? तिने ओळीवर बोट ठेवलं आणि नजर समोरच्या भिंतीवर नेली.

"बार्तोलोने पुलाखाली बांधलेली होडी सोडली," ती म्हणाली.

"हूं."

एकदा होडी सुटली ती थांबेना. बार्तोलो आपल्या गावी गेला. गावाला खाडी होती, खाडीपलीकडे माड होते, वाळूत बोंबील वाळत घातले होते. त्याच्या बहिणीने त्याला ओळखलंच नाही. त्याने तलवार आढ्याला टांगली आणि जाळी विणायला घेतली. सुगंधाला कळेना की हे सगळं आपल्या तोंडून कसं येतंय. हर्णै सोडल्यापासून त्या गावाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी काही सांगितलं नव्हतं. आता ती सांगत होती आणि वॉर्डातली सहा माणसं कान देऊन ऐकत होती. मातेओची गोष्ट वाचता वाचता ती रोज थोडा वेळ गावाला जाऊन येई. भाऊंचे हुंकार तिथे अगदी हलके होत.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. "किती बोटं?" डॉक्टरांनी विचारलं. भाऊंनी बरोबर सांगितली. सुगंधाने पदर कपाळावर ओढला आणि ती लवूच्या मागे जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर सगळं पूर्ववत झालं. पुस्तक परत गेलं. भाऊ भिंतीकडे बघून जेवण मागू लागले आणि सुगंधा दाराआडून हो म्हणू लागली. डोळा वाचला याचा आनंद तिला होताच, पण त्या आठ दिवसांतला आपला आवाज तिला चुलीपुढे उगाच आठवायचा.

सहा आठवड्यांनी भाऊंना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लवूला वाचनालयात पिटाळलं. "ता जाडा पुस्तक हाड. म्हाताऱ्याच्या गावचा माका माझ्या डोळ्यांनी वाचूचा आसा."

भाऊ खिडकीत बसून अक्षराखाली बोट धरून वाचत. सुगंधा आतून पानांचा आवाज ऐके. उलटलेल्या पानांची जाडी पाहून भाऊ कुठवर आलेत हे तिला कळे. रोम आलं, देऊळ आलं. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पानं भराभर पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. भाऊ गाव शोधत होते. मग आवाज थांबला.

बऱ्याच वेळाने ते उठले. त्यांनी स्वतः बंब पेटवला, मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सुगंधा पोलपाटाशी बसली होती. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून तिने मान खाली घातली.

"पुलावर मेलो तो," भाऊ म्हणाले. भिंतीकडे नव्हे, तिच्याकडे बघून म्हणाले.

"हो."

"तुका तेव्हाच कळला?"

"हो."

"आणि तू एकटीनच..." चष्मा काढून त्यांनी पंच्याने पुसला. "बातमी उशिरा कळली तरी आंगोळ चुकना नाय. तुका कोणी सांगूकच नाय. बंब तापलेलो आसा. जा."

ती उठली. मोरीचं दार लावून तिने पहिला तांब्या डोक्यावर ओतला. तेवढ्यात बाहेर लवू आल्याचं तिला ऐकू आलं.

"हे काय, भाऊ? डोकं ओलं? कोण गेलं?"

"गेलो आपलोच एक म्हातारो."

"कोण म्हातारा? मला कसं कुणी कळवलं नाही?"

"मगे सांगतंय. चाय तू ठेव आज. तिका सुतक आसा."

आत सुगंधाने दुसरा तांब्या भरून घेतला आणि पाण्याच्या आवाजात ती मोकळेपणी रडली.